वीस बिनअर्थाचे शब्द

वाचणं म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न पहिलीच्या बाईंना सत्तावीस वर्षांत एकदाही पडला नव्हता. अक्षरं सुरात घोकायची, फळ्यावरचे शब्द डोळ्यांत बसेपर्यंत बघायचे, मग चित्रांचं पुस्तक. वर्ष संपेस्तोवर चाळीसातली पस्तीस पोरं वाचायला लागायची आणि उरलेली पाच दुसरीच्या बाईंच्या गळ्यात पडायची. दुसरीच्या बाईंनी काय पाप केलं होतं, हे कुणी विचारलं नाही.

यंदा शाळेत ट्रेनर ताई आल्या. वय बाईंच्या धाकट्या भाचीएवढं, आवाज मात्र सासूचा. घोकंपट्टी बंद, त्यांनी सांगितलं. एकेका अक्षराचा आवाज सुटा काढायचा, आवाजाला आवाज जोडायचा आणि शब्द तोंडातून बाहेर पडेपर्यंत चित्राकडे बघायचं नाही. बाईंनी मान डोलावली. त्यांना निम्मं कळलं नव्हतं, पण एवढी नोकरी झाल्यावर तसं म्हणायची लाज वाटते. मग त्या सकाळी आवाज जोडायच्या आणि दुपारी दार लोटून गुपचूप जुनं घोकून घ्यायच्या. पोरं वाचायला लागली. कशामुळे, ते देव जाणे.

सहामाहीला परीक्षा आली. मोठ्याने वाचायचे वीस शब्द, आणि एकालाही अर्थ नाही. बादगी, खिडमी, असले काहीतरी. अर्थ असला की पोरं अंदाजाने वाचतात, तो काढून घेतला की खरं वाचन दिसतं, असं ट्रेनर ताईंचं म्हणणं. चौदाच्या खाली गुण पडले तर उरलेलं वर्ष रोज दोन तास मागच्या खोलीत, वेगळ्या शिकवणीला. त्या खोलीला पोरांनी कधीच नाव पाडलं होतं, मठ्ठांची खोली.

वर्गात सगळ्यात धडाधड वाचणारी मुलगी होती. अख्खा वर्ग तिला रेडिओ म्हणायचा. रेडिओला पडले नऊ. आणि जिला गोष्टीतलं ओ की ठो कळत नसे अशा एका मुलीला एकोणीस! बाईंनी वाचताना खुणा केलेले कागद तीनदा तपासले. नऊ ते नऊच.

दुसऱ्या दिवशी रेडिओची आई आली. शिलाईकाम अर्धवट टाकून आली होती, गळ्यात माप घ्यायची टेप तशीच.

"बाई, माझी पोर रात्रीपास्नं जेवली नाही. मठ्ठ म्हणतात म्हणे तिला. घरी तर सगळं वाचते! मग तिला वाचता येतं का नाही येत, तेवढं सांगा ना."

बाईंनी टेबलावरचा नऊ गुणांचा कागद वहीखाली सरकवला.

"मागच्या खोलीची यादी उद्या द्यायची आहे," त्या म्हणाल्या. "एक दिवस थांबा."

घरी यजमान पेपर वाचत बसले होते. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस. परीक्षा फालतू आहे एवढं त्यांनी म्हणावं, अशी बाईंची फार इच्छा होती. त्यांनी वीसच्या वीस शब्द पाढे म्हटल्यासारखे वाचून दाखवले.

"यात अवघड काय आहे? लिहिलंय तेच तर म्हणायचंय. तू वाच बरं."

बाईंनी चष्मा लावला आणि झरझर वाचलं. यजमान बोटांवर मोजत होते.

"अकरा," ते म्हणाले.

"काहीतरीच काय! खिडकी म्हटलं की मी."

"खिडमी आहे ते." मग त्यांना हसूच आवरेना. "अगं, म्हणूनच तू मला पंधरा दिवस भलतंच औषध देत होतीस!"

बाई हसल्या नाहीत. त्या औषधाने यजमान चक्कर येऊन न्हाणीघरात पडले होते. दोन्ही बाटल्यांची नावं जवळपास सारखी, आणि आपण ओळखीचं तेच वाचलं, हे बाईंना आत्ता कळलं. त्यांना घाबरल्यासारखं झालं.

सकाळी त्यांनी रेडिओला जवळ बसवलं. "खिडमीचं खिडकी का केलंस गं?"

"चुकीचं लिहिलं होतं, बाई. मी नीट केलं."

बाईंचा जीव भांड्यात पडला. पोरगी मठ्ठ नाही, उलट शहाणी! "चूक नव्हती ती. आहे तसंच वाचायचं. अंदाज मारायचा नाही, घाई करायची नाही." त्यांनी नवे वीस शब्द दिले. रेडिओने जीव लावून वाचले.

तेरा.

बाई पेन्सिल हातात धरून बसल्या. एकच तर गुण! दिला तर कुणाचं काय जाणार होतं? पोर जेवेल, आई शिवायला बसेल, आणि रेडिओ पुढच्या वर्गात अशीच धडाधड वाचत जाईल. पुढे कधीतरी एखादी बाटली हातात धरून. की हे सगळं आपल्याच मनाचे खेळ? नवी पद्धत खरी की जुनी, हे त्यांना अजूनही धड कळत नव्हतं. पण तेराला चौदा म्हणणं म्हणजे खिडमीला खिडकी म्हणणंच झालं असतं. त्यांनी तेरा लिहिले आणि त्यांना रडू आलं.

यादी देताना त्या मुख्याध्यापकांना म्हणाल्या, "सर, ते दोन तास माझा वर्ग खेळाच्या सरांकडे द्या. मला मागच्या खोलीत बसायचंय."

"शिकवायला ट्रेनर ताई आहेत की तिथे."

"शिकवायला नाही, सर."

मुख्याध्यापकांना काही कळलं नाही, पण बाईंपुढे त्यांचं कधीच चालत नसे.

सोमवारी रेडिओ मागच्या खोलीच्या दारापर्यंत आली आणि उंबऱ्यावरच थांबली. डोळे रडून सुजलेले. आत पहिल्या बाकावर बाई बसल्या होत्या, गुडघे कसेबसे आत कोंबून, समोर कोरी वही.

"बाई, तुम्ही इथे कशाला?"

"मला अकरा पडले," बाई म्हणाल्या.

रेडिओ आत आली, बाईंना थोडं सरकवून शेजारी बसली आणि ट्रेनर ताईंनी फळ्यावर लिहिलेल्या पहिल्या अक्षराकडे बोट दाखवून हळूच म्हणाली, "घाई करायची नाही हं, बाई."