ओवीची खोली

माझी नात घरं आखायचं शिकते. कॉलेजात तिला कवितेवरून खोली करायला सांगितली, तर आमची गेलेली कारभारीण जात्यावर गायची ती ओवीच तिनं घेतली. आवाजाला भिंती कशा लावणार? मी चौथी नापास, पण पुठ्ठ्याच्या त्या खोलीला डोळा लावून बसलो. मधे जातं, एक कोनाडा ओवीतल्या आईचा, एक भावाचा.

"माझा कुठला?"

"आजोबा, तुम्ही ओवीत नाहीच!"

डोकं तापलं. जातं मी आणलेलं! पण खरंच, कारभारणीनं मला कधी गायलं नाही. पहाटे बाहेर ओट्यावर पडून मी नुसता ऐकायचो.

"मग ओट्याकडं खिडकी पाड," म्हटलं. "लहानच पाड. बाहेर कोण ऐकतंय, ते आत कळायला नको."