गावाकडून येणारी औषधं

आमच्या घरात सिकलसेल या रक्ताच्या आजाराची दोन लाल कार्डं होती. एक माझं, एक धाकट्या बहिणीचं. आईबाबांची पिवळी, म्हणजे त्यांना आजार नाही, पण तो त्यांच्या रक्तातून आम्हा दोघींत उतरलेला. आमच्या भागात या कार्डांचं कोणाला नवल नाही. हाडं दुखायला लागली की आतून कोणी मुसळानं कांडतंय असं वाटतं. रोज एक कॅप्सूल घेतली की ते बरंचसं आवरतं. ब्रह्मपुरीजवळच्या आमच्या गावातून बाबा दर महिन्याला आम्हा दोघींना काळीपिवळी जीपमध्ये बसवून सरकारी दवाखान्यात न्यायचे. तिथे रक्त तपासायचे आणि कॅप्सुली हातात द्यायचे.

माझं लग्न लाल कार्ड दाखवूनच ठरलं. मुलगा नागपूरचा, कंपनीत नोकरीला. त्यानं स्वतःचं रक्त तपासून घेतलं, ते निर्दोष निघालं, आणि बैठकीत सगळ्यांदेखत तो म्हणाला, "मला चालेल." आमच्या मामांचे डोळे भरून आले. "दिवा घेऊन फिरलं तरी असा जावई भेटनार नाई," असं त्या दिवसापासून मी ऐकत आले. तोही ऐकत आला. पुढे पुढे त्याला ते खरंच वाटायला लागलं.

मग त्याला जर्मनीत काम मिळालं. मी म्हटलं, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जाऊ, तिथे औषध मागायला बरं पडेल.

"चिठ्ठी कशाला?" तो म्हणाला. "त्यात आजाराचं नाव येईल."

त्यानं माझ्या कॅप्सुली पाकिटांतून काढल्या आणि व्हिटॅमिनच्या बाटलीत भरल्या. विमानतळावर कोणी काही विचारलं नाही. ते स्वतःच्या हुशारीनंच झालं, असं त्यानं बरेच दिवस सांगितलं.

तिथे गेल्यावर डॉक्टरकडे नाव नोंदवायची गोष्ट काढली की त्याचं एकच. "कागदावर एकदा आजार लागला की विमा अडवतात, व्हिसा अडवतात. बाबांना पाठवायला सांग."

"कोणी सांगितलं असं?"

"सगळ्यांना माहीत आहे."

मला भाषा येत नव्हती, घराबाहेर ओळख नव्हती. मी बाबांना फोन केला. "पाठवतो ना माय," बाबा म्हणाले. "तू कायजी नको करू." नागपूरहून येणाऱ्या कोणाच्या तरी सामानात पुडकं यायचं. वर तांदळाचे पापड, खाली कॅप्सुली. असं काही महिने चाललं. मग येणारं कोणी मिळेना, म्हणून बाबांनी कुरिअर केलं आणि ते कस्टमनं धरलं. घरी पत्र आलं. मी त्यावर मोबाईल धरून भाषांतर वाचलं: देशाबाहेरून टपालानं औषध मागवता येत नाही.

नवरा म्हणाला, "थांब थोडं. कोणीतरी येईलच."

बाहेर बर्फ पडत होता. या आजाराला थंडीचं वैर आहे. आधी गुडघे, मग पाठ, मग छाती. एका सकाळी तो ऑफिसला गेल्यावर चहा करायला उभी राहिले आणि उभं राहता येईना. भाजी आणायला जाताना मागच्या गल्लीत एका डॉक्टरची पाटी रोज दिसायची. भिंती धरत तिथे गेले. आत पिकल्या केसांची एक बाई होती. मी आजाराचं नाव सांगितलं तशी तिनं सावकाश इंग्रजीत विचारलं, "किती दिवस झाले इथे येऊन? आणि आज आलात?"

मी बोटांवर महिने मोजले.

"येऊ नका असं कोणी सांगितलं?"

"नवऱ्यानं."

तिनं विम्याचं कार्ड मागितलं; नवऱ्यानं दिलेलं ते माझ्या पाकिटात तसंच पडून होतं. ते तिनं मशीनमध्ये घातलं आणि म्हणाली, "तुमचा विमा आल्या दिवसापासून आहे. हा आजार धरून." त्याच दिवशी तिनं मला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथून रक्ताच्या डॉक्टरची चिठ्ठी मिळाली. औषधाच्या दुकानातली मुलगी म्हणाली, आत्ता नाही, संध्याकाळी या. संध्याकाळी तिनं डबी हातात दिली.

इतकंच होतं ते. मी बसथांब्यावर बसून रडले. लोकांना वाटलं असेल, हिचं कोणी वारलं.

नवऱ्याला डबी दाखवली. तो म्हणाला, "चला, बरं झालं. मी म्हणणारच होतो."

मी घरी फोन लावला, की आता पाठवू नका. बाबांनी फोन आईच्या हातात दिला. ती म्हणाली, "लहानीले चंद्रपूरले भरती केलं माय. लहानीच म्हने, तुले सांगू नोको."

मग कळलं. मी स्वतः हजर नसताना दवाखान्यातून माझ्या कॅप्सुली मिळणं मी गेले तेव्हाच बंद झालं होतं. पापडांखालून येत होत्या त्या बहिणीच्या होत्या. स्वतः कॅप्सुली घेणं सोडून तिनं त्या मला पाठवलेल्या.

ती बोलण्याइतकी बरी झाल्यावर मी तिला फोनवर विचारलं, "काऊन केलं तू असं?"

"तुले तिथी कोन देनार होतं, बाई? भाऊजीच म्हनले बाबाले, तिथी हे दवाई भेटतच नाई."

ती वाचली, पण खुब्याचं हाड गेलं. सायकलनं कॉलेजला जायची, ते सुटलं. डॉक्टर म्हणतात, कधीतरी खुबा बदलावा लागेल, पण इतक्या लहान वयात नको.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही गावी गेलो. जेवणाच्या पंगतीत मामा पुन्हा सुरू झाले, जावयानं तिकडे किती चांगला इलाज केला म्हणून. मी हातातला घास खाली ठेवला.

"इलाज मी केला, मामा. यांनी बाबाले आनि मले खोटं सांगितलं."

नवरा फोन आल्यासारखं करून अंगणात गेला. आई म्हणाली, "जाऊ दे माय. जेवतानी नोको." बहीण एक हात भिंतीला लावत उठली आणि मामांना भात वाढायला लागली.

लोक विचारतात, तरी त्याच्याबरोबर परत गेलीस? गेले. माझा विमा त्याच्या नोकरीला जोडलेला आहे. सध्या मी भाषेच्या वर्गाला जाते. परीक्षा झाली की काम शोधीन, स्वतःचा विमा देणारं, कुठलंही. त्याला वाटतं, मी घरात बसून कंटाळते म्हणून शिकते. मीही त्याला काही सांगत नाही.