उगवतीची पंचमी

नव्या पंचांगाच्या पातळ कागदाला शाईचा एक कडवट वास असतो. पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी रविवार कारंज्यावरून ते आणले, की मी लगेच पेन्सिल घेऊन बसे. वर्षभराच्या तिथ्यांची यादी करून स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवणे, हे माझे काम. यादी झाली की वर्ष आपल्या मुठीत आले, असे त्या सत्तरच्या दशकात मला खरोखरच वाटे!

पण तिथी ही चंद्राची चाल. ती का आपल्या घड्याळाशी बांधलेली असते? कधी दुपारी उंबरा ओलांडून येते, कधी भल्या सकाळी निघून जाते. सूर्योदयाला जी असेल, तिचेच नाव त्या दिवसाला मिळते. एका वर्षी मी तेवढेच पाहिले आणि वडिलांच्या श्राद्धापुढे, पौष शुद्ध पंचमीपुढे, बुधवार लिहिला.

"अरे, मंगळवारी नाही का?" आईने तेव्हाच विचारले होते.

"आई, यादीत बघ. बुधवार." मी मान वर न करताच म्हणालो.

"तुझी यादी म्हणजे ब्रह्मदेवाची रेघ रे बाबा!" ती हसली आणि कामाला लागली.

पौषातल्या त्या बुधवारी गंगेवरून, म्हणजे आमच्या नदीच्या घाटावरून, गुरुजी आले. संकल्प सांगताना तिथीपाशी थबकले, पंचांग मागून घेतले. "अहो, पंचमी सकाळी नऊलाच संपली. उगवतीची तिथी सणावारांना. श्राद्धाला दुपारची धरतात. वडिलांचा दिवस काल झाला." माझ्या ओंजळीतले पाणी तसेच गळून गेले.

आई दाराशी बसली होती. "काल मी जेवले नाही," ती हळूच म्हणाली. "दुपारभर कावळा कठड्यावर बसून होता. म्हटलं, एवढी नेटकी यादी केलीस, ती कशाला खोटी पाडू?"

चुकलेल्या श्राद्धाला शास्त्रात अमावास्येची सोय आहे. ते आम्ही यथासांग केलेही. पण भरल्या घरात एकटीने उपाशी राहून जिने तो मंगळवार पाळला, तिच्यासाठी कुठली अमावास्या शोधावी? पुढच्या पौषात ती नव्हती.

आता यादीत दोन श्राद्धे असतात. तिथी केव्हा लागते, केव्हा संपते, मी दोनदा पडताळतो. चूक होत नाही. तरी पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी, तो कडवट वास घरात पसरला असताना, वार लिहिण्यापूर्वी माझी पेन्सिल क्षणभर थांबते. कुणीतरी विचारावे, "अरे, आदल्या दिवशी नाही का?" आणि या वेळी मी मान वर करून ऐकावे.