घोडीचा लगाम

ओल्या चुन्याचा वास आला की माझा हात अजून आपोआप पदराकडे जातो. काल सुनेनं चुना भिजवला आणि मी शिरूरच्या घरात पुन्हा नवी नवरी झाले.

आत्याबाईंनी नुकत्याच सारवलेल्या धान्याच्या कणगीवर मी चुन्यानं मामंजींची घोडी काढली होती. तेवढ्यात तहसिलीच्या कचेरीतून मामंजीच आले. आता आपली रवानगी माहेरी, असं मला वाटलं.

"हे गाढव कुनी काढलं?"

"घोडी हाय, मामंजी. तुमचीच."

ते कणगीजवळ वाकले. "मग लगाम का न्हाई? पळून जाईल की, पोरी!"

मी लगाम काढेपर्यंत ते तिथंच उभे राहिले.

पुढं मी घरातली एकही भिंत सोडली नाही. माझी घोडी अजून गाढवच दिसते, लगाम मात्र झकास जमतो.