बुक्कीने चालणारा डबा

खाणीच्या तोंडाशी वजनकाटा आहे. दगड भरलेली गाडी त्याच्यावर चढते, खालचा लोखंडी पाट कण्हतो आणि बाजूच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर आकडा उमटतो. त्या खोलीवर बुक्कीदादाचं राज्य होतं. खरं नाव त्यालाही होतं, पण त्या नावाने हाक मारणारी आई गेली आणि नावही तिच्याबरोबर गेलं.

त्याची बुक्की म्हणजे साधं काम नव्हतं. तरुणपणी त्याने याच खाणीत घणाने दगड फोडले. पुढे घण सुटला, हात मात्र घणाचाच राहिला. दार अडलं की बुक्की. एखाद्या ड्रायव्हरने चाक काट्याबाहेर ठेवून वजन चोरलं की त्याच्या जबड्यावर बुक्की. एकदा एकाने रक्ताची गुळणी टाकली, तळहातावर पडलेला दात पुढे केला आणि म्हणाला, "दादा, हापण वजनात धरा." सगळे हसले. दादाही हसला. भीतीने हसणाऱ्याचा आवाज वेगळा असतो, तो त्याला कधी ओळखू आला नाही.

कॉम्प्युटरही त्याला भ्यायचा. खाणीची पांढरी धूळ त्याच्या पोटात साचलेली. सकाळी बटण दाबावं तर मेल्यासारखा गप्प. मग दादा खुर्ची मागे सारायचा, मूठ वळायचा आणि पेटीच्या मागच्या अंगाला, जिथे वीज आत घेणारा पत्र्याचा डबा असतो, तिथे हाणायचा. पंखा घरघरायचा, पडदा उजळायचा.

"बघितलंस? औषध एकच," तो बायकोला, खाणीवरच्या सगळ्यांच्या वहिनीला, म्हणायचा.

वहिनीला ते औषध ठाऊक होतं. आकडे टाइप करायला तीच बसायची. आकडा चुकला, उत्तर द्यायला उशीर झाला, किंवा उत्तर लवकर दिलं, की तीच मूठ तिच्या पाठीत बसायची. बाहेर गाड्यांची इंजिनं धडधडत असतात, आतलं काही ऐकू येत नाही, असं खाणीवरची माणसं एकमेकांना सांगत.

एके सकाळी डबा बुक्कीला बधला नाही. दादाने पुन्हा हाणली, मग दात खाऊन पुन्हा. आणि आत काहीतरी फाटकन फुटलं. निळी ठिणगी, जळका वास, आणि डब्याच्या जाळीतून उडालेला कढत चिकट फवारा शेजारी वाकलेल्या वहिनीच्या गालावर बसला.

ती ओरडली नाही. गालावर ओलं फडकं धरून घरी गेली, कपड्यांची पिशवी भरली आणि ती खांद्याला लावूनच काट्यावर परत आली.

"नवा डबा आणा," ती म्हणाली. "दुरुस्त केलेल्यापाशी मी बसणार नाही. इथे नाही आणि घरातही नाही."

"नव्याला काय सोनं लागलंय? कागदासारखे हलके असतात नवे. हा तांब्याने भरलाय. माझ्या हाताखाली इतकी वर्षं चालला. दुरुस्तच होणार."

दुपारी वहिनीचा धाकटा भाऊ हत्यारांची पेटी घेऊन आला. बाजारात त्याचं रेडिओपासून पंपापर्यंत सगळ्याच्या दुरुस्तीचं दुकान. त्याची नजर बहिणीच्या गालावर थांबली.

"ताई, हे काय?"

"डबा फुटला."

"आणि मानेवरचं?"

"तू आधी डबा उघड."

त्याने स्क्रू काढले. "दाजी, आत तर दुसरी खाण निघाली की!" तो म्हणाला, पण हसला नाही. धूळ झटकली, फुटलेला भाग काढून तात्पुरता दुसरा जोडला, फ्यूज बदलला आणि वीज दिली. पंखा हलला नाही. त्याने वायर उपसली.

त्याची एक रीत होती. वीज तोडली तरी डब्याच्या पोटात ती दबा धरून बसते. म्हणून बल्बच्या दोन तारा आत टेकवायच्या. बल्ब भपकन पेटून विझला की मगच बोट घालायचं. बल्ब त्याने हातात घेतलाही होता.

"होईल की नाही, तेवढं बोल," दादा गुरगुरला.

"होईल ना. फुगलेले कपॅसिटर बदलायचे, सांध्यांना नवा डाख द्यायचा. पण सांधे कशाने तडकलेत बघा. तुमच्या एकेका बुक्कीने. तुम्हाला वाटायचं हा उठतोय. हा मरत होता. दुरुस्त केला आणि परत बुक्की बसली, तर अख्खा कॉम्प्युटर जळेल. नवाच घ्या."

"आणि नाही बसली तर?"

भावाने मान वर केली. "तर दुरुस्त केलेलाही चालेल, खुशाल चालेल. मग म्हणा, नाही बसणार. ताईकडे बघून म्हणा."

बाहेर एका गाडीने हॉर्न दिला.

दादाची मूठ भावाच्या नाकावर पडली. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. भाऊ टेबलावर आपटला, बल्ब फरशीवर फुटला, रक्त कीबोर्डच्या फटींतून झिरपलं. तशातही तो ओरडला, "दाजी, डब्याला हात नको! वीज आहे अजून!"

"वायर तर भिंतीत नाही. मला शिकवतोस? दुरुस्ती कशी करतात बघ!"

आणि जन्मभराच्या ताकदीने त्याने ती मूठ उघड्या डब्यात हाणली.

दबा धरून बसलेली वीज उसळली. हात त्याचा राहिला नाही. तो हात मागे फेकला गेला आणि खिडकीची काच फोडून कोपरापर्यंत बाहेर गेला. दादाने हिसका देऊन ओढला तशी काच मनगटातून आडवी फिरली. रक्ताची पिचकारी छतापर्यंत उडाली. वहिनीने खांद्यावरची पिशवी ओतली, आतला कपडा काढून दंडाला करकचून आवळला. दादा गुरासारखा ओरडत होता.

"नवा बसव," ती रक्ताळलेल्या भावाला म्हणाली. "मी यांना दवाखान्यात टाकून येते."

टाके पडले, जखम भरली, पण आतल्या शिरा जुळल्या नाहीत. बोटं आता वळत नाहीत. वहिनीने त्याला घरी आणून सोडलं, पाण्याचा तांब्या डाव्या हाताशी ठेवला आणि रिकामी पिशवी भरून भावाकडे राहायला गेली. रोज सकाळी ती तिथूनच काट्यावर येते. एका बोटाने बटण दाबते, पडदा उजळतो. दादा बाहेर उन्हात उभा राहून डाव्या हाताने गाड्या काट्यावर घेतो.

परवा भाऊ बहिणीला न्यायला आला होता. नाक अजून वाकडंच आहे. दादाने जुना डबा छातीशी धरून त्याच्यापुढे केला.

"दुरुस्त होईल का रे हा?"

"होईल की, दाजी. पण बसवायचा कुठे?"

फुटलेल्या काचेच्या जागी आता जाळी आहे. तिच्यामागून वहिनीचा आवाज आला, "अहो, गाडी मागे घ्यायला सांगा. चाक बाहेर आहे."

त्याने डबा खाली ठेवला आणि डावा हात वर केला.