बदकीणबाईचा प्रवास

धुळ्याच्या पाचव्या गल्लीत रतनलालच्या छापखान्याच्या मागच्या बाजूला दोन खोल्या होत्या. तिथे चौसष्ट सालच्या जूनमध्ये सुनंदाबाई राहायला आल्या. नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत तिसरीचा वर्ग त्यांच्याकडे होता. वय एकतीस, कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. मालक कुठे असतात, असं कुणी विचारलं की त्या म्हणत, "सुरतेला. मिलमध्ये." दिवाळीला त्या जळगावला वडिलांकडे जात. मालकही तिकडेच येत असतील, असं ज्याचं त्याने समजून घेतलं होतं.

छापखान्यावरच्या माडीत रतनलालची धाकटी बहीण धनकुंवर दिवसभर चित्रं काढत बसे. लहानपणापासून तिचा एक पाय बारीक होता. जिना उतरणं तिला जिवावर यायचं, त्यामुळे लग्नाचं कुणी मनावर घेतलं नव्हतं. आई धापूबाई तिला माडीवरच ताट नेऊन द्यायची. लग्नपत्रिकांवरचे मोर आणि कॅलेंडरावरच्या गाई ती काढायचीच, पण तिचा खरा हात चाले तो चेष्टेखोर प्राण्यांवर. मान छपराला लागते म्हणून वाकून बसलेला किराणा दुकानदार उंट सुनंदाबाईंनी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा त्या जिन्यावरच हसत बसल्या.

"हा गिऱ्हाइकाला काय म्हणतो?" त्यांनी विचारलं.

"ते मला नाही सुचत, बाई. तुम्हीच सांगा."

तिथून सुरुवात झाली. शाळा सुटली की सुनंदाबाई चहा घेऊन माडीवर जायच्या. धनकुंवर चित्र काढी आणि प्राण्यांच्या तोंडाशी रिकामे फुगे सोडी. त्या फुग्यांत सुनंदाबाई बोलणं भरत. उंटाचं पुस्तक निघालं, मग लोकांचे दात उपटणाऱ्या अस्वलाचं, मग एसटीतल्या कंडक्टर कासवाचं. त्याने सगळ्यांची तिकिटं फाडेपर्यंत गाडी पारोळ्याला पोचलेली असे. रतनलाल ती चोवीस पानी पुस्तकं दोन रंगांत छापी. मुखपृष्ठावर एका कोपऱ्यात 'चित्रे – धनकुंवर' आणि दुसऱ्या कोपऱ्यात 'शब्द – सुनंदाबाई' असे. अमळनेर, जळगावपर्यंत पोरं ती पुस्तकं एकमेकांच्या हातून ओढून वाचत.

एकदा दुपारी धनकुंवरने सहज विचारलं, "बाई, छापखान्याचं आणि तुमचं टपाल एकदमच येतं. सुरतेचं पत्र कसं कधी दिसत नाही?"

लग्नानंतरच्या दहा वर्षांत हा प्रश्न इतका सरळ कुणी विचारला नव्हता. सुनंदाबाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. लग्नानंतर आठव्या दिवशी दोघं जळगावहून सुरतेच्या गाडीत बसली. अमळनेरला नवरा म्हणाला, पाणी भरून आणतो. तांब्या घेऊन उतरला तो परत चढलाच नाही. गाडी हलली तशी ही नवी नवरी खिडकीतून अर्धी बाहेर येऊन ओरडत होती, "अहो, मला तहान नाही हो! तुम्ही या!" पुढे नंदुरबारपर्यंत तिने त्याच्या जागेवर हात पसरून ठेवला. कुणी बसायला आलं की म्हणायची, आमचे हे येताहेत. नंदुरबारला स्टेशनमास्तरने तिला उतरवून घेतलं आणि वडिलांना तार केली. पुढे कळलं, सुरतेत त्याचा दुसरा संसार आधीपासूनच होता.

हे सांगताना सुनंदाबाई हसत होत्या. हसल्या नसत्या तर त्यांना सांगताच आलं नसतं. धनकुंवर मात्र हसली नाही. तिने त्यांचा हात घट्ट धरला आणि रडत म्हणाली, "मी कुणाला सांगणार नाही, बाई. गळ्याची शपथ." त्या दिवशी सुनंदाबाईंना फार हलकं वाटलं होतं.

अडुसष्ट सालच्या ऑगस्टमध्ये त्यांना तीन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी जळगावला जावं लागलं. दिवाळी करून त्या परत आल्या. शाळेच्या पहिल्याच दिवशी छापखान्याच्या दारात रतनलालने त्यांच्या हातात नवं पुस्तक ठेवलं. "चौथं निघालं, बाई. हातोहात खपतंय." घंटेची वेळ झाली होती. त्यांनी नाव तेवढं पाहिलं, 'बदकीणबाईचा प्रवास', आणि ते पिशवीत टाकून त्या शाळेत गेल्या.

शेवटच्या तासाला मुलींनी नेहमीसारखा हट्ट धरला. सुनंदाबाई खुर्चीवर बसून मोठ्याने वाचू लागल्या. बदकीण नऊवारी नेसून, कपाळावर मुंडावळ्या, रेल्वेत बसली होती. शेजारी फेटा बांधलेला बदक. चित्र फार सुरेख होतं. बदकिणीची पत्र्याची पेटी हत्तीच्या पायावर पडते तिथे मुली खिदळल्या, बाईही खिदळल्या. पुढच्या पानावर बदक म्हणाला, "मी पाणी घेऊन येतो हं." सुनंदाबाईंनी ते वाचलं, तरी त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्यांनी पान उलटलं. गाडी सुटलेली, बदकीण खिडकीतून मान लांब करून बाहेर लोंबकळते आहे, आणि फुग्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे: "अहो, मला तहान नाही हो! तुम्ही या!"

चाळीस मुली त्यांच्या तोंडाकडे पाहत होत्या. त्यांनी ते वाचलं. वर्ग हसून लोटपोट झाला. पुढच्या पानावर बदकिणीने बाकावर पंख पसरले होते आणि ती हत्तीला सांगत होती, "इथे नका बसू, आमचे हे येताहेत." हत्ती बसला तो तिच्या पंखावरच. सुनंदाबाईंनी तेही वाचलं. आवाज आपला आहे की दुसऱ्या कुणाचा, हे त्यांना कळत नव्हतं.

शेवटच्या पानावर बदक परत आला होता. हातात भरलेला तांब्या. बदकीण गटागटा पाणी पिते आणि लाजून हसते. ते न वाचताच बाईंनी पुस्तक मिटलं.

"बाई, मग? बाई, तो आला का?"

"उद्या," त्या म्हणाल्या.

व्हरांड्यात शिपाईण धुरपदाबाई घंटा द्यायला उभी होती. "काय व्हयनं बाई? तोंड कसं उतरी गयं? तब्येत बरी शे ना?"

"बरी आहे," म्हणून त्या चालू लागल्या.

माडीवर धनकुंवर वाटच पाहत होती. "वाचलंत? आवडलं?" तिने उत्सुकतेने विचारलं.

"वर्गात वाचलं. मुली खूप हसल्या."

धनकुंवरचा चेहरा उजळला.

"तू शपथ घेतली होतीस."

"मी कुणाला सांगितलं, बाई? एका माणसाला नाही. आईलासुद्धा नाही. हे तर बदक आहे."

"शब्द माझे आहेत. जसेच्या तसे."

"तुम्ही नव्हतात. भाईजींना छापायला दिवाळीच्या आत पुस्तक हवं होतं." तिने ब्रश पाण्यात बुडवला आणि तसाच ठेवला. "माझ्या डोक्यात गोष्टच येत नाही, बाई. या माडीवर माझ्या बाबतीत काय घडलंय सांगण्यासारखं? मला ठाऊक असलेली खरी गोष्ट तेवढी एकच. आणि तुम्हीच तर हसत सांगितली होतीत."

सुनंदाबाईंनी विचारलं, "आणि त्याला परत का आणलंस?"

"मुलांचं पुस्तक आहे ना. शेवट वाईट कसा करणार? वाटलं, तुम्हालाही बरं वाटेल."

"ती त्याला काहीच विचारत नाही, धनकुंवर. कुठे होतास, का गेलास, काही नाही. पाणी पिते आणि हसते. मी अशी आहे, असं वाटलं तुला?"

धनकुंवर पाण्यातला ब्रश काढून पुसू लागली. सुनंदाबाई जिना उतरून खोलीत आल्या. दिव्याखाली त्यांनी मुखपृष्ठ नीट पाहिलं. कोपऱ्यात सवयीने तोच ठसा उठवलेला होता: 'शब्द – सुनंदाबाई'.

आणि गावात कुणाला कळलं म्हणावं, तर कुणालाच काही कळलं नाही. उलट जो भेटेल तो कौतुक करी. भाजीवालीसुद्धा म्हणाली, माझी पोर दिवसभर तेच ओरडते. जानेवारीत स्नेहसंमेलन होतं. मुख्याध्यापिका लताबाईंनी त्यांना बोलावून घेतलं. "यंदा बदकीणबाईचं नाटुकलं बसवू. बसवायचं तुम्हीच."

"दुसरं काही घेऊ या का?"

"का बरं?"

सुनंदाबाईंनी मन घट्ट केलं. "ती माझी गोष्ट आहे, बाई."

"अहो, ते ठाऊक आहे की! नाव छापलंय तुमचं. म्हणून तर तुम्हाला सांगतेय."

तालीम सुरू झाली तेव्हा सुनंदाबाईंनी शेवट बदलला. बदक तांब्या घेऊन येतो, तेव्हा बदकीण आपली पेटी उचलून दुसऱ्या डब्यात जाऊन बसते. मुलींना ते आवडलं. पण लताबाई बघायला आल्या आणि म्हणाल्या, आया बघायला येणार आहेत, हे असलं नको, पुस्तकात आहे तसंच राहू द्या. सुनंदाबाईंनी घसा बसल्याचं कारण सांगितलं आणि तालमी दुसऱ्या बाईंकडे दिल्या.

संमेलनाच्या संध्याकाळी त्या मंडपात अगदी मागे, धुरपदाबाईंशेजारी उभ्या होत्या. पुठ्ठ्याची चोच लावलेली मुलगी खिडकीतून ओरडली, आणि मंडप हसण्याने भरून गेला. पुढच्या रांगेत धनकुंवर होती. कधी घराबाहेर न पडणारी ती टांग्यातून आली होती. पदर तोंडावर धरला होता आणि तिचे खांदे गदगदा हलत होते. ती रडतेय की काय, म्हणून सुनंदाबाई मंडपाच्या कडेने पुढे गेल्या. ती हसत होती. पुस्तकाचं त्यांनी कदाचित पोटात घातलं असतं. हे हसणं मात्र त्यांना गिळता आलं नाही.

एप्रिलमध्ये परीक्षा संपताच त्यांनी राजीनामा दिला आणि जळगावच्या एका खाजगी शाळेत नोकरी धरली. निघताना धापूबाईंना नमस्कार केला, माडीवर गेल्या नाहीत. जळगावला त्यांनी एक गोष्ट वेगळी केली. मालक कुठे असतात, असं कुणी विचारलं की त्या सरळ म्हणू लागल्या, "सोडून गेले." विषय तिथेच संपे. धनकुंवरची दोन पत्रं आली. दुसऱ्या पत्रात एका घुबडाचं चित्र होतं आणि फुगा रिकामा होता. सुनंदाबाईंनी तो भरला नाही. पुढे पुस्तकं बंद पडल्याचं त्यांच्या कानावर आलं.

पंचाहत्तर साली कुणाच्या तरी लग्नाला जळगावात आलेली धनकुंवर शोधत शोधत त्यांच्या शाळेत आली. केस पिकायला लागले होते. हातात काठी होती. सुनंदाबाईंनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला, धापूबाईंची चौकशी केली, उन्हाळा यंदा कडक आहे म्हणाल्या.

"बाई, अजून रागावलात?"

"राग नाही गं. केव्हाच गेला."

"मग अशा परक्यासारख्या का बोलता?"

सुनंदाबाईंनी खोटं बोलायचं नाही असं ठरवलं होतं. "तुझ्याजवळ काही सांगायला गेले की आधी वाटतं, याचं ही काय करील. मग दुसरंच काहीतरी बोलते."

धनकुंवरने मान हलवली. तिने चहा संपवला, काठी सावरली. सुनंदाबाई तिला फाटकापर्यंत पोचवायला गेल्या, तिला रिक्षात बसायला हात दिला आणि मधल्या सुट्टीची घंटा झाली तशा वर्गाकडे वळल्या.