मधलं पान

सकाळपासून हवा कोंदट होती. ढग पार छपरापर्यंत उतरलेले, वाऱ्याचा पत्ता नाही. असल्या हवेत कागद एकमेकांना धरून बसतात, म्हणून छोटीनं दुकान उघडल्या उघडल्या नवा गठ्ठा फोडला, पत्ते पिसावेत तसा फरफर मोकळा केला आणि मशीनच्या ट्रेमध्ये भरला. काचेवरचे बोटांचे डाग पुसले. काका तोवर बाहेर स्टुलावर बसून दात कोरत होते.

दुकान कसलं, दोन मशीनं आणि त्यांच्या मधे एका माणसापुरती वाट. वडील गेल्यावर चौदाव्या वर्षी ती त्या वाटेत उभी राहिली, आता एकोणिसावं लागलं होतं. कॉलेज बाहेरून. पुस्तक विकत आणायची घरात पद्धत नव्हती, पण वाचायला कमी नव्हतं. मशीनखालून जाईल ते ती वाचायची. कुणाच्या भाडेकराराचं तिसरं पान, कुणाच्या नोट्समधली फुप्फुसांची आकृती, नवरा-बायकोच्या फारकतीच्या अर्जातला ऐन भांडणाचा भाग. काळपट निघालेल्या प्रती घरी न्यायची आणि अडलेले शब्द मोबाइलवर हुडकायची. असं करत करत तिला मूतखड्यापासून वारसाहक्कापर्यंत सगळ्यातलं थोडंथोडं कळायला लागलं. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत असं मात्र तिनं फारसं काही वाचलंच नव्हतं. गिऱ्हाईक थांबतं कुठे तेवढं?

रक्त-लघवीच्या रिपोर्टांचा तिला विशेष नाद. त्यातूनच तिनं लॅबच्या कोर्सचा अर्ज आणला होता. दोन वर्षांचा कोर्स, दुसऱ्या गावी, राहायची सोय तिथेच. पालकाची सही तेवढी राहिली होती. शनिवारी पाचला मुदत संपणार, आणि आज गुरुवार.

"काका, सही."

"बघू," काका म्हणाले. गेले तीन आठवडे ते बघतच होते.

तेवढ्यात समोरची शिंपीणमावशी आली. ब्लाउजच्या मापाच्या वहीत घातलेली रिपोर्टची तीन पानं तिनं टेबलावर ठेवली. एक प्रत परगावच्या मुलाला पाठवायची होती. पहिलं पान निघालं. मग दुसऱ्याआधी तिसरंच हाताला लागलं, ते तिनं कागद आपोआप ओढून घेणाऱ्या जुन्या मशीनमध्ये घातलं आणि मशीननं गिळलं. काका बाजूचं झाकण उघडून रोलरमधून ते ओढायला बसले. दुसरं पान छोटीच्या हातात राहिलं.

"काय म्हणतंय गं ते?" मावशीनं विचारलं. "डॉक्टर नुसतं हूं हूं करतो. तुला कळतं ना यातलं."

छोटीनं वाचलं. आजारांची यादी होती. तिसऱ्या ओळीतला शब्द तिनं मोबाइलवर घातला आणि तिचा चेहरा उतरला. मावशी तिच्याकडेच बघत होती.

"खरं सांग."

"मावशी, कॅन्सरचं लिहिलंय. पण लगेच दाखवलं तर..."

पुढचं मावशीनं ऐकलंच नाही. हातातली कात्री टेबलावर विसरून ती रस्ता ओलांडून गेली. काकांनी मशीनमधून पान काढलं तोवर समोरचं दुकान बंद झालं होतं. छोटी ते पान न बघताच सगळे कागद घेऊन धावली, दार वाजवलं. आतून कुणी ओ दिली नाही, म्हणून कागद फटीतून सरकवून आली.

शुक्रवारी सकाळी मावशीचा मुलगा मिळेल त्या गाडीनं येऊन दुकानात उभा राहिला. डोळे लाल, हातात चुरगाळलेलं तिसरं पान.

"वाचता येतं ना तुला? मग हे वाच."

तिनं वाचलं. दुसऱ्या पानावर काय काय तपासलं त्याची यादी होती. तिसऱ्यावर निकाल होता. त्यातलं काहीही आढळलं नाही.

"आईनं अख्खी रात्र शिलाईचं मशीन कुणाला द्यायचं, दागिना कुणाला, हे ठरवण्यात काढली," तो म्हणाला. "आणि हे आधी तुमच्या रोलरला गुंडाळलेलं, मग रात्रभर दाराशी पडलेलं."

छोटीनं माफी मागितली. काकांनी तिच्या वतीनं आणखी दोनदा मागितली. तो गेल्यावर मात्र ते काही ओरडले नाहीत. मोबाइल मागून घेतला आणि स्वतःच्या खिशात टाकला.

"झेरॉक्सवाल्यानं कागद पालथा घालायचा. तोंड बघायचं नसतं त्याचं."

"बरं."

"आणि लॅबमध्ये जायचंय म्हणे."

शनिवारी दुपारी मावशी आपली कात्री न्यायला आली. छोटी काचेवर मान घालून उभी.

"वर बघ की," मावशी म्हणाली. "मी काही खात नाही. चार महिने डॉक्टर बोलला नाही, तू निदान बोललीस. चुकलीस, ते चुकलीसच." मग काकांकडे वळली. "सही करा हो पोरीची. शिकली तर तिन्ही पानं वाचेल."

काका मान डोलावत हसले. "करू की, पुढच्या वर्षी. कालपासून निम्मी गिऱ्हाइकं विचारतायत, पोरगी आहे का आत, मग नंतर येतो. आत्ता गेली तर म्हणतील तोंड लपवून पळाली. वर्षभर गप उभी राहिली की विसरतील लोक."

"आणि पुढच्या वर्षी?" छोटीनं विचारलं.

"तेव्हाचं तेव्हा."

मावशी काही बोलायला गेली, पण तिच्या दारात कुणी फॉल लावायची साडी घेऊन उभं होतं. ती गेली. अर्ज टेबलावर होता. छोटीनं तो उचलला, काकांच्या पुढ्यात ठेवला, वर पेन ठेवलं. काकांनी पेन खिशाला लावलं.

पावणेपाचला गर्दी झाली. परीक्षेच्या नोट्स, कुणाचे जमिनीचे कागद. ती एकेक पान पालथं घालत होती, निघालेली प्रत उलटी धरूनच गिऱ्हाइकाच्या हातात देत होती. एका म्हाताऱ्यानं प्रत सुलटी केली. "बाई, हे नीट आलंय का बघा हो, मला दिसत नाही."

छोटीनं काकांकडे पाहिलं. काका दुसऱ्या मशीनवर होते, पण कान इकडेच.

"आलंय आजोबा," ती न बघताच म्हणाली.

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून गेले. एक बाई ओळखपत्र घेऊन आली, दोन्ही बाजू एकाच पानावर हव्या होत्या. छोटीनं कार्ड काचेच्या कोपऱ्याला लावलं, झाकण दाबलं, बटण दाबलं, आणि कार्ड उलटं करायला पुन्हा झाकण उचललं.